रोमचा परीट

किसन, तू गेल्यापासून गावात तुझ्याविषयी चांगलं बोलणाऱ्यांची रांग लागली आहे. ज्यांनी एकामागून एक तुझ्याकडे कपडे टाकणं बंद केलं, तेच आता ‘किसनच्या हातची इस्त्री म्हणजे इस्त्री होती’ म्हणत फिरतात. परवा एकाने तर बोलता बोलता डोळे पुसले. त्याचा रुमाल चुरगळलेला होता. ही गोष्ट तुला सांगण्यासारखी, म्हणून पहिल्यांदा हीच लिहिली.

मी त्या रांगेत नाही. माझं आणि तुझं एक भांडण राहून गेलं आहे. ते करायचं होतंस तू, पण तू काही ते केलं नाहीस. आता दोन्ही बाजूंनी मलाच भांडावं लागतं. माझी बाजू मांडायला मला पूर्वी दोन मिनिटं लागायची. हल्ली सुचत नाही.

एक्याऐंशी साली मी गावातल्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून आलो, तेव्हा माझ्याकडे एक टेरिकॉटचा शर्ट आणि शब्दांचं मूळ सांगणारी एक जाडी इंग्रजी डिक्शनरी, एवढाच ऐवज होता. शर्ट घेऊन तुझ्याकडे आलो. तुझ्या दुकानावर नवी पाटी लागली होती, ‘लाँड्री’. तू कोळशाची इस्त्री खाली ठेवलीस आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस.

“इंग्रजीचे मास्तर का तुमी?”

“हो.”

“मंग हे लाँड्री म्हंजे काय? पेंटर म्हन्ला लिहा म्हणून लिवलं. पर आपल्याच डोक्यावर काय टांगलंय ते मानसाला म्हाईत पाह्यजे का न्हाई?”

मी घरी जाऊन पाहून आलो. त्या शब्दाच्या मुळाशी धुणं आहे, असं तुला सांगितलं. तू फार निराश झालास. “धुन्याला धुनंच म्हनतेत तर मंग त्यात काय मजा?”

त्या दिवशी मला कळलं की पंचवीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला विद्यार्थी मिळाला आहे. शाळेत होती ती मुलं. त्यांना शब्दाचा अर्थ पाठ करायचा असायचा. तुला तो कुठून निघाला, वाटेत कुणाच्या घरी उतरला, काय खाल्लं, सगळं पाहिजे असायचं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचो. तू कपड्यावर पाण्याचा शिपका मारायचास आणि म्हणायचास, “हां मास्तर, सोडा.” आणि मी सोडायचो. शेजारच्या टपरीतले बशीरभाई टेलर मशीन थांबवून ऐकायचे. बाजाराला आलेले चारदोन लोक थांबायचे. मी हातवारे करायचो, आवाज काढायचो, राजा व्हायचो, राणी व्हायचो. लोक हसले की मला जेवण नको असायचं.

मी तुला कायम ‘अरे किसन’ म्हणालो. तू मला कायम ‘तुमी मास्तर’ म्हणालास. आपण दोघं एकाच वयाचे होतो. हे माझ्या लक्षात यायला तुला मरावं लागलं.

‘कँडिडेट’चा शनिवार तुला आठवत असणारच. निवडणुकीचे दिवस होते. तुझ्या दुकानात पांढऱ्या कपड्यांचा डोंगर पडला होता. धोतरं, सदरे, टोप्या, सगळं नीळ देऊन, खळ करून कडक. तू घामाने निथळत होतास.

“मास्तर, हे कँडिडेट कँडिडेट करून राह्यले सगळे. कुठून आला हा शब्द? मला तर त्याच्यापायी पाच दिवस झाले जेवायला टाइम न्हाई.”

मी तो शब्द आदल्या रात्रीच पाहून ठेवला होता. योग आला तर वाया कसा घालवायचा? तुझ्या टेबलावरची एक चादर उचलली, एका खांद्यावरून घेतली, दुसरा हात मोकळा ठेवला आणि रस्त्यावर उतरलो. सांगितलं की दोन हजार वर्षांपूर्वी रोम नावाचं शहर होतं. तिथे ज्याला लोकांची मतं पाहिजे असायची, तो पांढरंशुभ्र लांब वस्त्र अंगावर घेऊन चौकात फिरायचा. नुसतं पांढरं नाही, वरून खडूची पूड चोळून अजून चकचकीत केलेलं. लांबून दिसला पाहिजे, की हा मत मागायला आला. त्यांच्या भाषेत चकचकीत पांढऱ्याला जो शब्द होता, त्यावरून त्या माणसाला म्हणू लागले कँडिडेट. म्हणजे पांढरे कपडे घातलेला माणूस. मी चादर सावरत बशीरभाईंच्या टपरीसमोर जाऊन हात जोडले, “मुझे वोट दो!” बाजार हसला.

तू हसला नाहीस. इस्त्री हातात तशीच धरून तू विचारलंस, “आन् ते कपडे पांढरे करायचं कोन?”

किसन, डिक्शनरीत हे नव्हतं. डिक्शनरी लिहिणाऱ्या एकाही शहाण्याला हा प्रश्न पडला नव्हता. मला तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणायचं होतं. दोनच शब्द होते. पण समोर वीसेक माणसं उभी होती, माझ्या खांद्यावर चादर होती, आणि ‘माहीत नाही’ म्हणायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

“त्यांचा परीट!” मी म्हणालो. “आणि ऐका, रोममध्ये परटाला फार मोठा मान होता. कँडिडेटला वस्त्र पांढरं करून द्यायचं की नाही, हे परीट ठरवायचा. माणूस खोटा निघाला, दिलेला शब्द त्याने मोडला, तर परीट त्याचं वस्त्र परत करायचा. तसंच, मळकं. मग त्याला उभंच राहता यायचं नाही. राजा आला तरी परटाचा नकार फिरत नसे.”

एवढं सगळं मी एका श्वासात तयार केलं. मला वाटलं, छान झालं.

तू इस्त्री खाली ठेवलीस. “बराबर हाय,” म्हणालास. “आपल्याकडं पायघड्याचं तेच हाय. लग्नात परटानं पायघडी टाकल्याबिगर नवरदेव म्होरं पाय टाकत न्हाई. जहागीरदार का असंना. आमच्या आज्यानं एकदा पायघडी उचलून घेतल्ती, पुरी वरात उन्हात उभी व्हती. आमच्यातला मान हाय तो. तिकडूनच इकडं आला असंल. न्हाईतर इकडून तिकडं गेला असंल.”

बघ, मी खोटं बोललो आणि तू त्याला जागा करून दिलीस. तुझ्या घरात ते खोटं बसेल अशी एक खरी रीत आधीच होती. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो हसून घरी गेला असता.

बशीरभाई मात्र कातर हलवत म्हणाले, “कपड्याचं काय घेऊन बसले मास्तर? आपला लफ्ज बघा, उमेदवार. उमेद ठेवणारा. त्याच्यात कपडा कुठं हाय? फाटक्या कुडत्यातबी उमेद ठेवता येते.” त्यांनी सांगितलं ते खरं होतं आणि फुकटात होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

पुढे दहा-बारा वर्षं ती गोष्ट तू जपलीस. सोयऱ्यांत सांगितलीस, लग्नांत सांगितलीस, समाजाच्या मेळाव्यात सांगितलीस. माझं नाव घेऊन. “आमच्या मास्तरच्या बुकात हाय.” एकदा केदारखेड्याचा तुझा साडू मला एस.टी.त भेटला. त्याने मलाच सांगितलं की रोमच्या परटाला बसायला घोडा असायचा. मी इतका हसलो की पुढच्या सीटवरची बाई वळून पाहू लागली. घरी येऊन बायकोला सांगितलं, ‘माझ्या गोष्टीला घोडा लागला.’ खरं सांगायचं तर तो दिवस बरा होता. त्यानंतरचे पुष्कळ दिवस बरे होते.

मग नदीच्या घाटाचं झालं. तुमच्या चार घरांचे धुण्याचे दगड पिढ्यान्‌पिढ्या ज्या काठावर होते, त्या काठाला नानांनी काटेरी तार ओढली आणि मोटार बसवली. नाना म्हणजे कोण, ते गावाला सांगायला नको. पण हे गावाबाहेर वाचणाऱ्यांसाठी लिहितो: गावचे कारभारी, आमच्या शाळेचे अध्यक्ष, हसऱ्या तोंडाचे, कुणाला कधी मोठ्याने न बोलणारे. त्यांच्या मळ्याला पाणी लागत होतं. तुम्ही तिघं-चौघं गेलात तेव्हा नाना म्हणाले, “इलेक्शन होऊ द्या, तार काढतो.” इलेक्शन झालं. नाना आले. तार राहिली. तुम्ही दीड कोस खाली जाऊन चिखलात धुणं करू लागलात. तुझ्या बायकोचं, गंगावहिनीचं, डोक्यावर ओल्या धुण्याचं गाठोडं घेऊन परत येणं मी शाळेच्या खिडकीतून रोज पाहायचो. पाहायचो, एवढंच.

पुढच्या वेळी नाना जिल्हा परिषदेला उभे राहिले. त्यांच्या घरून पांढऱ्या कपड्यांची दोन गाठोडी आली. तू ती जशीच्या तशी परत पाठवलीस. न धुता. माणसाबरोबर निरोप दिलास, “नानाला म्हणावं, तार काढा, मंग कपडे पाठवा.”

तासाभरात मारुतीच्या पारावर शंभर माणूस जमलं. दुपारची वेळ. गाठोडी पारावर ठेवली होती. नाना पानाला चुना लावत बसले होते. तू खाली उभा होतास. निळ्या चौकड्याचा शर्ट होता तुझ्या अंगात.

“किसन,” नाना म्हणाले, “काम करायचं न्हाई तर नको करू. मजुरी तुझी, मर्जी तुझी. पर आमचे कपडे परत पाठवायचा हा कोनता कायदा काढला तू?”

“कायदा न्हाई नाना, रीत हाय. दिलेला शब्द ज्यानं मोडला त्याचे कपडे परटानं पांढरे करायचे न्हाई. रोममधी हीच रीत व्हती. मास्तरच्या बुकात हाय.”

“आसं? बुकात हाय?” नानांनी पान तोंडात टाकलं. “बोलवा मास्तरला.”

मला वर्गातून बोलावून आणलं. हाताला खडू होता. त्या आठवड्यात हेडमास्तरच्या जागेची माझी फाईल अध्यक्षांच्या सहीसाठी गेली होती, हे पारावर बसलेल्या नानांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि किसन, मला वाटतं तुलाही माहीत होतं.

“मास्तर, हा म्हन्तो रोममधी परटाला असा हक्क व्हता. तुमी सांगितलं म्हन्तो. हाय का तुमच्या बुकात?”

मला तीन उत्तरं देता आली असती. ‘बुकात नाही, मी रचून सांगितलं होतं’ हे एक. ‘बुकात नसेल, पण किसन म्हणतो ते बरोबर आहे, तार काढा’ हे दुसरं. गप्प बसणं हे तिसरं, तेही चाललं असतं. मी चौथं दिलं.

“नाही बुवा,” मी म्हणालो. “मी असलं काही सांगितलेलं नाही.”

तिथे थांबलो असतो तरी भ्याडच ठरलो असतो, जास्त काही नाही. पण समोर शंभर माणूस होतं. इतकं मोठं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं. मी पारावर एक पाय ठेवला, कपाळावर हात आडवा धरला, लांब पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, “किसनराव स्वतःच रोमला जाऊन आल्ते वाटतं! जाफ्राबाद-रोम, जलद गाडी, व्हाया टेंभुर्णी!”

किसन, अख्खा पार हशाने हादरला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसले. नानांना ठसका लागला, पान बाहेर आलं. माझ्या सबंध आयुष्यात मी यापेक्षा जमून आलेलं वाक्य बोललो नाही. पुढे किती तरी महिने पोरं तुझ्या दुकानासमोरून जाताना कंडक्टरसारखी घंटी वाजवायची, ‘रोम, रोम, चला रोम!’

तू तेव्हा काय म्हणालास, ते गावात आज कुणालाच आठवत नाही. हशात ऐकू गेलं नसेल. मी जवळ होतो. तू म्हणालास, “मास्तर म्हन्तेत तर नसंल बुकात. पर मला ते पटलं व्हतं नाना. आजबी पटतंय. रोममधी नसलं तर नसू द्या. मी कपडे धुनार न्हाई.”

आणि पायात चप्पल घालून घरी गेलास.

मी जे गंमत म्हणून रचलं होतं, ते तू शंभर लोकांसमोर एकट्याने खरं करून दाखवलंस. रोमला जे जमलं नव्हतं ते. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, असं लिहायला हात धजत नाही, पण आहे. माझ्या तोंडून निघालेल्या हजारो शब्दांपैकी एवढाच एक कुणी तरी खांद्यावर घेतला.

मग तुझ्याकडे येणारी गाठोडी थांबली. कुणी बंदी घातली नव्हती. नानांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही, ते फक्त हसून बघायचे. आधी मोठ्या घरांचे कपडे गेले, मग त्यांच्याकडे पाहून लहान घरांचे. सदऱ्यांच्या कॉलरआड बिब्ब्याने घातलेल्या खुणांवरून तुला गावातलं प्रत्येक घर ओळखता यायचं. दोन ठिपके पाटलाचे, फुली गुरवाची. ती सगळी घरं एकेक करून तुझ्या दुकानातून निघून गेली. माझे कपडेही. मी बायकोला म्हणालो होतो, थोडे दिवस घरीच धू, वातावरण निवळू दे. माझी सही झालेली फाईल आली, मी हेडमास्तर झालो. त्याच दिवाळीच्या आत तू दुकान मोडून जालन्याला गेलास. मी शाळेत पेढे वाटत होतो.

जालन्यात तुझ्याकडे मी तीनदा आलो. एका चाळीच्या जिन्याखाली तुझं टेबल होतं. तिन्ही वेळा मनात ठरवून आलो, की आज बोलायचं. तिन्ही वेळा तू वहिनीला “मास्तर आलेत, जल्दी चहा टाक” म्हणालास, आणि तिन्ही वेळा मी चहा पिऊन निघालो. बोलायला बसलं की मी आणखी कसली तरी गोष्ट सांगायचो. तू ऐकायचास. पूर्वीसारखाच.

शेवटच्या वेळी मात्र तू स्वतःहून विषय काढलास. खोकत होतास. इस्त्रीवरून हात न काढता विचारलंस, “मास्तर, ते रोमचं कपडे धुनारं कोन व्हतं, घावलं का कुठं?”

घावलं होतं, किसन. औरंगाबादला एका ग्रंथालयात, जाड्या पुस्तकात. रोमचे धुणारे होते. दगडी हौदात उभं राहून ते इतरांचे कपडे दिवसभर पायांनी तुडवायचे. त्या हौदात पाण्याबरोबर माणसांचं मूत असायचं, रस्त्यावरून गोळा केलेलं, कारण त्याने मळ सुटतो. त्यांचे पाय सडायचे. लोक त्यांच्यावर विनोद करायचे, नाटकांतून त्यांची टर उडवायचे. परत करायचा हक्क, मान, काही नाही. ज्या पांढऱ्या कपड्यावरून तो मोठा शब्द निघाला, ते कपडे असे पांढरे होत होते.

मी म्हणालो, “अजून नाही घावलं.”

तू हसलास. का हसलास? हा आपला खरा वाद आहे आणि तो आता सुटत नाही. तुला सगळं आधीपासून कळलं होतं म्हणून हसलास, की मास्तर अजून शोधतोय याचं बरं वाटलं म्हणून? कळलं होतं, तर मला चहा का पाजलास? शिव्या का दिल्या नाहीस? मला एकदा तरी ‘अरे’ म्हणायचं होतंस. ‘अरे, तू खोटारडा आहेस.’ मी ते शर्टाच्या खिशात घालून घरी नेलं असतं.

परवा जालन्यात कुंडलिकेच्या काठी तुझा दहावा झाला. गावातून दोन जिपा भरून माणसं आली होती. नाना आता नाहीत, त्यांचा पुतण्या आला होता. काकस्पर्श झाल्यावर दोघं-चौघं बोलले. मग कुणी तरी म्हणालं, “सरांनी दोन शब्द बोलावेत. सर आन् किसनभाऊ म्हंजे जोडी व्हती.” मी उठलो. या वेळी कसलीही गोष्ट सांगायची नाही, असं ठरवलं होतं. मी म्हणालो, “किसनला रोमच्या परटाची गोष्ट मी सांगितली होती. ती खोटी होती. मी रचली होती. आणि पारावर विचारलं तेव्हा मी सांगितलीच नाही, असं दुसऱ्यांदा खोटं बोललो.”

मग मागून कुणी तरी हळूच म्हणालं, “जाफ्राबाद-रोम, जलद गाडी!” आणि हसू फुटलं. आधी दबलेलं, मग मोकळं. नानांचा पुतण्या डोळे पुसत म्हणाला, “वा सर! दुःखातबी मानसाला हसवावं तर तुमीच!” मी म्हणत होतो, अहो, मी खरं सांगतोय, खरंच सांगतोय. जितकं म्हणत होतो तितके ते हसत होते. चाळीस वर्षं मी त्यांना जे शिकवलं, ते लोक नीट शिकले होते. हा माणूस उभा राहिला की हसायचं.

वहिनी बाजूला बायकांत बसली होती. ती उठून आली. हसू थांबलं. ती माझ्याशी बोलताना डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेते, तसा तिने घेतला.

“भावजी,” ती म्हणाली, “त्यांच्या जित्तेपनीबी तुमी लोक हसवले. आज तरी राहू द्यायला पाह्यजे व्हतं.”

एवढं बोलून ती परत जाऊन बसली. मी तिथून निघून रस्त्यावर आलो, आणि गावाकडून आलेल्या एका जीपमागे उभा राहून मला जे यायला दहा दिवस उशीर झाला होता ते रडू आलं. तेही कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, सर नक्कल करतात.

म्हणून हे लिहितो आहे. कागदावर मला आवाज नाही, हात नाहीत, खांद्यावर काही घेता येत नाही. जो वाचेल तो एकटा असेल, त्याच्या पाठीवर थाप मारायला शेजारी कुणी नसेल.

गावातल्या लोकांनो, ती गोष्ट मी सांगितली होती. बाजाराच्या दिवशी, भर रस्त्यात, किसनच्या दुकानासमोर. किसन खोटं बोलला नव्हता.

अरे किसन, मी बोललो होतो.